पन्नासची लेन्स आणि आईचे गुडघे

परवा भाच्याचा फोन आला. पहिल्या पगारातून कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स मिळाली आहे, आता पुढची कुठली घेऊ, प्राईम की लांब पल्ल्याची झूम? मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "मामा, तू प्राईमच सांगणार हे माहितीये मला. पण का, ते सांग."

हाच प्रश्न त्याने चार महिन्यांपूर्वी विचारला असता तर अर्धा तास प्रवचन दिलं असतं. या वेळी चक्क अडखळलो. मध्ये आईबरोबर वेरूळ झालं होतं. फोनवर काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली खरी, पण मनात राहिलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी, आणि घरातल्या ज्या मंडळींनी माझी प्राईमवरची भाषणं लग्नाच्या पंगतीत बसून सहन केली आहेत त्यांच्यासाठीही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांना थोडक्यात सांगतो. प्राईम म्हणजे एकाच अंतराची लेन्स. ३५ म्हणजे ३५, ५० म्हणजे ५०. समोरचं मोठं हवं असेल तर तुम्ही पुढे जा, छोटं हवं असेल तर मागे या. झूममध्ये एक कडं असतं, ते फिरवलं की उभ्या जागी दृश्य जवळ येतं नाहीतर लांब जातं. प्राईमवाले झूमवाल्यांना आळशी म्हणतात. झूमवाले प्राईमवाल्यांना काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी कट्टर प्राईमवाला. "पायांनी झूम करा" हे आमच्या पंथाचं वाक्य. कार्तिए-ब्रेसाँ हा आमचा मोठा गुरू, कारण त्याने आयुष्यातलं बहुतेक काम लायकावर ५० ची लेन्स लावून केलं. एवढा मोठा माणूस एका लेन्सवर भागवतो, तर तुम्हाला पिशवीभर लेन्स कशाला लागतात, असा आमचा युक्तिवाद. तो विचारताना भुवया जरा उंचवायच्या असतात.

खरं तर आमच्या घरात ही परंपरा माझ्याही आधीची. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो, आणि कॅमेऱ्याच्या नाकावर बसवलेली एकच लेन्स. ती काढता येत नसे, फिरवून जवळ-लांब करता येत नसे. लग्नानंतर आई-बाबा वेरूळला गेले होते तेव्हाचा एक फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. कैलासाच्या अंगणातला तो सोंड तुटलेला दगडी हत्ती, आणि त्याच्या पायाशी आई. बाबांना हत्ती अख्खा हवा होता. म्हणून ते मागे मागे सरकत गेले, आणि फोटोत हत्ती अख्खा आला पण आई तिळाएवढी झाली. साडीवरून ओळखायची. आई अजून म्हणते, "हा हत्तीचा फोटो आहे. मी नुसती सोबतीला."

आता वेरूळला फोटो काढणारे बाबा काही पहिले नव्हेत. मेजर रॉबर्ट गिल, तोच अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा, पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि १८६४ साली फर्ग्युसनच्या भारतातल्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याची ७४ छायाचित्रं छापली गेली. नंतर निजामाच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ यांनीही कैलास टिपला. काचेच्या प्लेटा, भलीमोठी लाकडी पेटी, तिवई, सोबत हमाल. या लोकांना कुणी "तुम्ही प्राईमवाले का?" असं विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता, कारण दुसरा काही प्रकारच नव्हता. स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स म्हणजे फोक्टलेंडर झूमार, ३६-८२, साल १९५९. म्हणजे बारा शतकांच्या कैलासासमोर ही झूम कालची पोर. आम्ही प्राईमवाले ज्याला तपश्चर्या म्हणतो ती आमच्या आधीच्या लोकांची निव्वळ परिस्थिती होती. (हे वाक्य मी स्वतःच्या विरोधात लिहितोय याची नोंद घ्यावी.)

मी स्वतः कॅमेरा घेऊन वेरूळला पहिल्यांदा गेलो तो बारा-तेरा वर्षांपूर्वी, मित्रांबरोबर. गळ्यात कॅमेरा, त्यावर ५० ची प्राईम, आणि दुसरी लेन्स मुद्दाम घरी ठेवलेली. मुद्दाम हा शब्द महत्त्वाचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे त्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे आणखीच अरुंद दिसतं. हे माहीत असूनही नेली. आता कैलासाची रचना डोळ्यांसमोर आणा. ते देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली पोखरत जाऊन मोकळं केलेलं आहे. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा १०७ फुटांचा. त्या खड्ड्याच्या मधोमध देऊळ. म्हणजे देवळाच्या बाजूला तुम्ही उभे राहिलात की मागे सरकायला फार तर काही पावलं मिळतात आणि पाठ कड्याला लागते. पायांनी झूम करा म्हणे! पाय डोंगरात घालू का?

दिवसभर मी त्या अंगणात पाठ घासत फिरलो आणि घरी येताना फार सुंदर तुकडे घेऊन आलो. एका द्वारपालाचा हात. हत्तीच्या तुटक्या सोंडेचा कडा. कुणाचातरी घोटा, त्यावरचं दगडी पैंजण. अर्धा चेहरा, अर्धी सावली. मित्रांनी वाहवा केली. मी आईला संगणकावर सगळे दाखवले. तिने शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि विचारलं, "छान आहेत. देऊळ कुठाय?"

तेव्हा मला राग आला होता. आईला फोटोतलं कळत नाही, असं मनात म्हटलं होतं. असो.

इथे प्राईमच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा सांगून टाकतो, नाहीतर भाचा म्हणेल मामाने बाजूच बदलली. झूमचं कडं फिरवल्याने दृश्याची चौकट बदलते, पण वस्तूंचं एकमेकींशी असलेलं नातं बदलत नाही. ते फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. कैलासाच्या अंगणात हत्तीच्या अगदी जवळ उभे राहा, मागे शिखर येऊ द्या. हत्ती अवाढव्य आणि शिखर त्याच्या पाठीवर ठेवल्यासारखं इवलंसं दिसतं. आता जितकं मागे जाता येईल तितकं जा. हत्ती आकसतो आणि शिखर त्याच्यामागून उगवल्यासारखं वर येतं. ही जादू पायांची आहे. जवळच्याच जागी उभं राहून १८ वरून ५५ वर गेलात तर तोच आधीचा फोटो कापून मोठा केल्यासारखा मिळतो. झूम हातात असली की माणूस जिथे पोचला तिथेच उभा राहून कडं फिरवायला लागतो, आणि दोन पावलं डावीकडे काय होतं ते त्याला कधी कळतच नाही. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. प्राईम तुम्हाला ती दोन पावलं टाकायला लावते. या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे. झूम हातात घेऊनही चालता येतं, हे मान्य. पण किती जण चालतात?

बाकी प्राईमची जी जाहिरात आम्ही करत असतो, "उजेड जास्त घेते हो", तिचं वेरूळात काय होतं ते ऐका. हिशेब साधा आहे. प्राईम एफ १.८ पर्यंत उघडते, साधी झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ वर अडते. उजेडाच्या भाषेत हा फरक जवळजवळ दहापट. जिथे प्राईमला एक साठांश सेकंद पुरतो तिथे झूमला एक षष्ठांश लागतो, आणि एक षष्ठांशात आपला हात हलल्याशिवाय राहत नाही. तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी हवी, ती कोण काढतो? तर मग प्राईमच जिंकली ना? मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं.

पण मूर्ती हलत नाही हो! एफ १.८ ची खरी गरज असते ती समोरचं हलणारं माणूस पकडायला. दगड तिथेच बसलाय, त्याला घाई नाही. आजकालच्या झूममध्ये हाताची थरथर आवरणारी सोय असते, तिच्यावर एक षष्ठांशातही दगड स्वच्छ येतो. शिवाय शिल्पपटाला खोली असते. एफ १.८ वर तुम्ही जवळून रावणाच्या एका चेहऱ्यावर फोकस केला की मागचे चेहरे धूसर होतात. रावणाला दहा तोंडं कशाला दिली होती मग? सगळा पट स्पष्ट हवा तर एफ ८ पर्यंत छिद्र बारीक करावंच लागतं, आणि तिथे प्राईम नि झूम सारख्याच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण प्राईम घेतो ती गोष्ट वेरूळात बहुतेक वेळ बंदच ठेवावी लागते. हे मला इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. पंथात शिरलं की साधे हिशेब राहून जातात.

अपवाद दहाव्या लेण्याचा. विश्वकर्मा, लोक ज्याला सुतार का झोपडा म्हणतात तो. आत छताला दगडाच्याच फासळ्या आहेत, लाकडी तुळयांची हुबेहूब नक्कल, आणि टोकाला स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर समोरच्या गवाक्षातून उजेड आत येतो, पण खांबांमागे अंधारच. तिथे दर्शनाला आलेली माणसं त्या अंधार-उजेडात हलत असतात, आणि ती टिपायची तर प्राईमला पर्याय नाही. तिथे मी माझी सगळी भाषणं आजही देईन.

आता गेल्या डिसेंबरातलं. आईला वेरूळला जायचं होतं. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच तिने कुठे जायचं असं आपणहून म्हटलं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनला ती तयार नाही. डॉक्टरांनी पायऱ्या चढू नका म्हणून सांगितलंय, आणि वेरूळ म्हणजे पायऱ्या. शेवटी ठरलं की घृष्णेश्वराचं दर्शन आणि फक्त कैलास, तोही खालच्या अंगणातून. घृष्णेश्वरात कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे तिथे प्राईम-झूमचा प्रश्नच मिटला. आम्ही दोघं नुसते दर्शन घेऊन आलो आणि खरं सांगतो, बरं वाटलं. (जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी लेणी बंद असतात. आम्ही बुधवारी गेलो.)

निघताना दादाने त्याची १८-२०० ची झूम माझ्या पिशवीत कोंबली. "आई आहे बरोबर, राहू दे," एवढंच म्हणाला. अर्ध्या किलोहून जड ते प्रकरण. माझी ३५ ची प्राईम त्याच्या निम्म्यापेक्षा हलकी. (५० मी आता वापरत नाही, एवढी अक्कल पहिल्या खेपेतून आली होती.) मी मनात कुरकुरलो, पण नेली.

कैलासाच्या दारातून आत शिरलं की समोर गजलक्ष्मी. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्या हाताला धरून हळूहळू उजवीकडच्या अंगणात आली, आणि कड्याच्या बाजूला सावलीत दगडावर बसली. म्हणाली, "मी इथे आहे. तू फिरून ये आणि मला दाखव."

मी प्राईम लावून निघालो. वर गेलो, नंदीमंडप पाहिला, प्रदक्षिणा केली, पुन्हा खाली येऊन दहाव्या लेण्यापर्यंत जाऊन आलो. तासाभराने परतलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आईला एकेक फोटो दाखवायला लागलो. बुद्ध पाहून ती म्हणाली, "हा अंधारात होता ना? तुझ्या बाबांनी इथे आवाज दिला होता, घुमतो का बघायला. मग लाजले." बाकीचे फोटो तिने भराभर पाहिले. चांगले होते ते. पण मी निवडलेलं ते ती बघत होती, आणि चष्मा वर-खाली करत होती, कारण पडदा तीन इंचांचा आणि ऊन अंगणभर.

मग तिने समोर बोट दाखवलं. "ते तिथे वर काय कोरलंय रे? ओळीत माणसं दिसतात."

तो रामायणाचा पट होता. देवळाच्या दक्षिण बाजूला आडव्या पट्ट्यांमध्ये सगळं रामायण कोरलेलं आहे. मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. पिशवीतून दादाची झूम काढली, कॅमेऱ्याला लावली, आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "हे कडं फिरव. जवळ येईल."

दोनशेवर ती लेन्स म्हणजे जवळजवळ दुर्बीणच. आईने आधी आकाश पाहिलं, मग एका पर्यटकाची टोपी, आणि मग एकदम तिचा श्वास थांबल्यासारखा झाला. "अगंबाई. वानर दगड वाहतायत. सेतू बांधतायत ना?" पुढचा पाऊण तास मी तिच्या शेजारी नुसता बसून होतो. ती एकेक पट्टी वाचत होती, कडं पुढे-मागे करत, मध्येच मला कुणी ओळखता येत नसेल तर सांगत. रामायण मला तिनेच शिकवलेलं, आणि इथेही तिनेच वाचून दाखवलं.

मग मी तिला हाताला धरून थोडं पुढे नेलं, रावणानुग्रहासमोर. खाली रावण कैलास हलवतोय, वर शंकर पायाच्या अंगठ्याने दाबून स्वस्थ बसलेत, पार्वतीने घाबरून त्यांचा हात धरलाय. या शिल्पाचे मी पहिल्या खेपेत निदान तीस फोटो काढले होते. रावणाचे हात, शंकरांचा चेहरा, सगळे तुकडे. आई कॅमेऱ्यातून पाहत होती. म्हणाली, "आणि ही पळतेय कुठे?"

"कोण?"

"ही काय, दासी. पार्वतीच्या मागे. सगळं सोडून पळत सुटलीय बिचारी."

मी तिच्या हातून कॅमेरा घेऊन पाहिलं. खरंच होती. पाठमोरी, जीव घेऊन पळणारी. माझ्या तीस फोटोंत ती नव्हती, कारण माझी चौकट मी आधीच ठरवून टाकली होती. ही काही लेन्सची चूक म्हणता येणार नाही, माझीच आहे. पण आई मात्र कडं फिरवत सगळा पट चाळत होती, तिला कुठे थांबायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिला ती सापडली.

"पायांनी झूम करा" हे धडधाकट पायांच्या माणसांनी बनवलेलं वाक्य आहे, हे माझ्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. आपण बोलतो तेव्हा फोटो काढणारा एकटा असतो, त्याला वेळ असतो, त्याची ढोपरं शाबूत असतात, आणि फोटो त्याच्या स्वतःसाठी असतो. या चारांतलं एक जरी नसलं की सगळा वाद वेगळा होतो. नातवंडांच्या मागे धावणारी आजी, लग्नात स्टेजपासून लांब खुर्चीवर बसवलेला काका, यांना कोणी प्राईमचं तत्त्वज्ञान सांगू नये. आता तर बहुतेकांच्या खिशातल्या फोनला पाठीवर दोन-तीन डोळे असतात, आणि तेही बहुतेक प्राईमच, एकावरून दुसऱ्यावर उडी मारणारे. मधलं अंतर फोन फोटो कापून भरून काढतो. लोक आनंदात आहेत.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. प्राईम घे. ५० नको, तुझ्या कॅमेऱ्यावर ती अरुंद पडेल, ३५ घे. वर्षभर तीच लावून फिर, पाय झिजव, कुठे उभं राहायचं ते कळायला दुसरा उपाय मला माहीत नाही. किट लेन्स मात्र विकू नकोस, कैलासाच्या अंगणात तिचं १८ चं टोकच देऊळ अख्खं दाखवेल. आणि आजीला कुठे घेऊन जाशील तेव्हा मामासारखा शहाणपणा करू नकोस, दादामामाची १८-२०० मागून ने आणि कॅमेरा तिच्या गळ्यात घाल.

त्या दिवशी आईने एकूण त्रेसष्ट फोटो काढले. ते काढले जातायत हे तिला अर्ध्या वेळी माहीतच नव्हतं, बोट बटणावर पडत होतं. चाळीसेक वाकडे आहेत किंवा हललेत. दासीचा एक अगदी नीट आलाय, तो मी मोठा छापून घेतलाय. आणि एक माझा आहे. मी लांब हत्तीजवळ उभा राहून नळाखाली बाटली भरायला गेलेल्या आमच्या ड्रायव्हरची वाट बघतोय, केस विस्कटलेले, पोट सुटलेलं. घरी आल्यावर आईने तो दादाला दाखवला. हत्तीचा एक पाय तेवढा आलाय कडेला.

"हत्ती गेला बाहेर," ती म्हणाली, "पण चेहरा बघ कसा स्वच्छ दिसतोय."